मोबाइलमधला सुरक्षा आराखडा: आत्महत्येच्या विचारांच्या वेळी हाताशी येईल असा कसा करावा

या क्षणी तुमच्या स्वतःच्या मनात जीव देण्याचे विचार जोर धरत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा, १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मोफत सरकारी सेवेचा क्रमांक लावा आणि घरात किंवा शेजारी जे कोणी असेल त्यांच्याजवळ जाऊन बसा. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लावा. पुढची सगळी तयारी शांत वेळी करायची आहे.

आत्महत्येचे विचार अधूनमधून येणाऱ्या माणसांसोबत बसून त्यांचे सुरक्षा आराखडे, म्हणजे वाईट वेळी काय करायचे आणि कोणाला बोलवायचे याच्या याद्या, भरून घेण्याचे स्वयंसेवी काम मी काही वर्षे करतो आहे. त्यात एक चूक इतक्यांदा पाहिली की शेवटी लिहायला बसलो. लोक अशा आराखड्याचे अ‍ॅप उतरवून घेतात ते रात्री दोन वाजता, मन सर्वांत वाईट अवस्थेत असताना. मग ते अ‍ॅप ईमेल मागते, ओटीपी मागते, पंधरा-वीस प्रश्नांची चाचणी समोर ठेवते आणि शेवटी एक रिकामा तक्ता दाखवून ‘तुम्हाला कशाने बरे वाटते ते लिहा’ असे सांगते. त्या वेळी त्या माणसाला नेमके तेवढेच आठवत नसते. तो अ‍ॅप काढून टाकतो आणि ‘याचाही उपयोग झाला नाही’ ही आणखी एक नोंद मनात करून ठेवतो. साधन वाईट असतेच असे नाही, पण क्रम उलटा झालेला असतो.

मुळात सुरक्षा आराखडा ही सहा भागांची (खालचे टप्पे २ ते ७), एका पानात मावणारी यादी आहे. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती बांधली आणि बहुतेक चांगली अ‍ॅप्स तीच यादी फोनवर आणतात. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आराखडा आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन मिळालेल्या रुग्णांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतील आत्मघाती वर्तन, नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. तो आराखडा जाणकार माणसाने समोर बसून करून घेतला होता आणि नंतर कोणीतरी खरोखर फोन करत होते. एकट्याने भरलेल्या अ‍ॅपला ते यश आपोआप मिळत नाही. माणसाच्या मदतीशिवाय वापरायच्या डिजिटल साधनांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये आला. त्यात आत्महत्येच्या विचारांवर थेट काम करणाऱ्या साधनांनी ते विचार थोडे कमी केल्याचे दिसले, तर केवळ नैराश्यासाठी केलेल्या साधनांचा या विचारांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणून ‘मन प्रसन्न ठेवा’ छापाचे ध्यानाचे अ‍ॅप या कामाला पुरेल असे धरून चालू नये.

## तयारी: सुरू करण्याआधी चार गोष्टी

पहिली गोष्ट वेळेची. विचारांची लाट ओसरलेली असेल, झोप झालेली असेल आणि पुढचा पाऊण-एक तास कोणी उठवणार नसेल, अशी वेळ निवडा. दारू घेतलेली असताना हे काम करू नये.

दुसरी गोष्ट सोबतीची. साधन स्वतः वापरायचे असले, तरी ते भरताना एक माणूस जवळ असणे फार उपयोगी पडते. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ असतील तर उत्तमच. नसतील तर घाबरून न जाणारा मित्र किंवा मावशी-काका चालतील. त्यांनी प्रश्न विचारायचे, उत्तरे तुमच्या शब्दांत उतरायची. मुलाने आईसाठी सगळा आराखडा इंग्रजीत भरून दिला आणि आईने तो एकदाही उघडला नाही, हे मी पाहिले आहे. ज्या भाषेत आपण मनातल्या मनात बोलतो त्याच भाषेत तो लिहावा, मग ती वऱ्हाडी असो, मालवणी असो.

तिसरी गोष्ट कागदाची. आधी कच्चे कागदावर लिहा आणि मग फोनमध्ये घाला. छोट्या पडद्यावर लिहिताना माणूस तोडके लिहितो.

चौथी गोष्ट फोनची. बॅटरी टिकते का, रिचार्ज चालू आहे का, घरात तुमच्या खोलीत नेटवर्क येते का आणि हा फोन आणखी कोण हाताळतो, हे पाहून घ्या. शेवटचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण एकच फोन सासू, मुले आणि नवरा असे सगळे वापरत असतात.

सावधान: नुकताच प्रयत्न झाला असेल, आवाज ऐकू येत असतील किंवा ‘कसे आणि कधी’ हे मनात ठरलेले असेल, तर आराखडा भरत बसू नये. आधी रुग्णालय किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत. आराखडा तिथेही करून घेता येतो.

## टप्पा १: साधन निवडणे

इथे लोक नको इतका वेळ घालवतात. खरे सांगायचे तर फोनमधल्या नोंदवहीतले एक पानही या कामाला पुरते. अ‍ॅप घ्यायचेच असेल तर रेटिंगच्या चांदण्या आणि जाहिराती पाहू नका, पुढच्या पाच कसोट्या लावा.

पहिली कसोटी म्हणजे मदतीचा क्रमांक. अ‍ॅप उघडून त्यातला तातडीचा क्रमांक शोधा आणि तो भारतात लागतो का ते स्वतः लावून पाहा. ही शंका उगाच काढलेली नाही. नैराश्य आणि आत्महत्या प्रतिबंध यांसाठीच्या ६९ अ‍ॅप्सची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या फक्त पाच अ‍ॅप्समध्ये संशोधनाने सुचवलेले सहाही उपाय होते, आणि लाखो लोकांनी उतरवलेल्या काही अ‍ॅप्समधले मदतीचे क्रमांक चुकीचे किंवा अस्तित्वातच नसलेले निघाले.

दुसरी कसोटी, इंटरनेट बंद असतानाही आराखडा उघडतो का. फोन विमान-मोडवर टाकून बघा. तिसरी, त्यात मराठी टंकता येते का आणि लिहिलेले नंतर बदलता येते का. चौथी, दर वेळी लॉगिन मागते का. मागत असेल तर ते सोडून द्या. पाचवी, लिहिलेली माहिती फोनमध्येच राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते. गोपनीयतेचे धोरण पूर्ण वाचायला कोणाला जमत नाही हे मान्य. पण ‘तिसऱ्या पक्षाला’ आणि ‘जाहिरात’ हे दोन शब्द त्यात शोधून त्यांच्या आजूबाजूची चार वाक्ये तरी वाचा.

परदेशी अ‍ॅप्समध्ये ऑस्ट्रेलियातले ‘बियाँड नाउ’ आणि ब्रिटनमधले ‘स्टे अलाइव्ह’ ही याच कामासाठी केलेली आहेत. मात्र त्यांत आधीपासून भरलेले क्रमांक त्या त्या देशांतले असतात, तेव्हा भारतातले क्रमांक स्वतः घालावे लागतात.

गप्पा मारणाऱ्या चॅटबॉटविषयी माझे मत स्पष्ट आहे. एकटेपणा घालवायला कोणी त्याच्याशी बोलत असेल तर हरकत नाही, पण आराखड्यातल्या माणसाच्या जागी त्याचे नाव लिहू नये. तो उठून तुमच्या दारापर्यंत येऊ शकत नाही.

## टप्पा २: स्वतःच्या धोक्याच्या खुणा

पहिला भाग हाच असतो आणि सर्वांत जास्त पाट्या इथेच टाकल्या जातात. ‘टेन्शन’, ‘उदास वाटणे’, ‘डिप्रेशन’ असे लिहून लोक पुढे जातात. हे शब्द इतके मोठे आहेत की त्यावरून ‘आता आराखडा उघडायचा’ हे कळत नाही. खूण अशी हवी की ती दिसताच हात फोनकडे जावा.

एका तरुणाने आधी ‘निगेटिव्ह विचार’ असे लिहिले होते. आम्ही त्याच्या मागच्या दोन वाईट रात्री तासातासाने आठवत गेलो, तेव्हा वेगळेच चित्र निघाले. दोन्ही वेळा त्या दिवशी त्याने दुपारचा डबा न उघडता परत आणला होता, बहिणीचा फोन आला तेव्हा तो कट केला होता, आणि रात्री बँकेच्या कर्जाचे संदेश पुन्हापुन्हा वरून खाली वाचत बसला होता. मग ‘माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास’ हे एकच वाक्य डोक्यात फिरू लागले. आता त्याच्या आराखड्यात याच चार ओळी आहेत. डबा परत आला की तो सावध होतो, म्हणजे रात्रीच्या बऱ्याच आधी.

तुम्हीही शेवटची वाईट वेळ घ्या आणि तिच्यापासून मागे मागे जा. त्याआधी काय केले, काय टाळले, अंगात काय जाणवले आणि कोणते वाक्य डोक्यात घुमत होते, ते लिहा. तीन ते पाच खुणा पुरतात.

तपासणी: खूण घरातल्या एखाद्याला वाचून दाखवा आणि ‘हे झालेले तुला बाहेरून दिसेल का?’ असे विचारा. निदान एक खूण तरी बाहेरून दिसणारी असावी.

सावधान: रोज मनःस्थितीला गुण देणाऱ्या अ‍ॅपवर या कामासाठी विसंबू नका. काहींना नोंदी ठेवल्याने मदत होते. काही जण मात्र रोज तेच दुःख मोजत बसतात. आणि आज सात गुण पडले म्हणजे रात्र सुखरूप जाईल असे त्यातून ठरत नाही.

## टप्पा ३: एकट्याने करता येतील अशा गोष्टी

लाट चढत असताना, कोणालाही न बोलावता, लगेच करता येईल असे काय आहे? उद्देश एवढाच की काही वेळ जावा. तीव्र विचारांचा जोर बहुधा काही काळाने ओसरतो आणि मधला वेळ निभावून नेणे हे या भागाचे काम.

‘पॉझिटिव्ह विचार करणे’, ‘व्यायाम’, ‘गाणी ऐकणे’ ही उत्तरे खोडून टाका. ती खोटी असतात असे नाही, पण त्यांत हात-पाय काय करणार ते सांगितलेले नसते. ‘गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे, मग चपला घालून दूध केंद्रापर्यंत चालत जाऊन यायचे’ हे उत्तर चालते. ‘तोंडावर गार पाणी मारून कणीक मळायला घ्यायची’ हेही चालते. ‘हरिपाठाचे रेकॉर्डिंग लावून सोबत मोठ्याने म्हणायचे’ असेही एका काकूंनी लिहिले होते आणि त्यांना ते लागू पडते.

प्रत्येक उपायाला दोन प्रश्न विचारा. हे रात्री दोन वाजता, पावसात, घरातले झोपलेले असताना करता येईल का? आणि करायला अंगात त्राण नसेल तर काय अडेल? उत्तर ‘नाही जमणार’ असे आले तर उपाय बदला. चार उपायांत निदान एक असा असावा, ज्यासाठी पलंगावरून उठावे लागत नाही.

फोनचा खरा फायदा इथे होतो. एक वेगळा अल्बम करा आणि त्यात आठ-दहा फोटो, एखादा व्हिडिओ, भाचीचा किंवा मित्राचा आवाजी निरोप ठेवा. अमेरिकेत ‘व्हर्च्युअल होप बॉक्स’ नावाचे अ‍ॅप याच कल्पनेवर उभे आहे. मात्र गेलेल्या माणसाचे, तुटलेल्या नात्याचे किंवा सुटलेल्या नोकरीचे फोटो त्यात घालू नका. शांत वेळी गोड वाटणारी आठवण वाईट वेळी उलटी बोचते. गॅलरीचे अ‍ॅप जुने फोटो ‘आठवणी’ म्हणून आपणहून पुढे आणते, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

जगण्याची कारणे लिहायला काही अ‍ॅप्स वेगळा कप्पा देतात. लहान कारणेही बिनदिक्कत लिहा. ‘मोत्याला सकाळी कोण फिरवणार’ हे पूर्ण वजनदार कारण आहे.

## टप्पा ४: जागा आणि सहज भेटायची माणसे

या भागात विचारांविषयी कोणाशी बोलायचे नसते, फक्त एकटे राहायचे नसते. कोपऱ्यावरचा चहावाला, वाचनालय, देवळाचा सभामंडप, कट्ट्यावरचे मित्र, क्रिकेट सुरू असलेले मैदान. दोन जागा आणि दोन माणसे लिहा. रात्रीसाठी वेगळी जागा लागेल. गावात नऊनंतर सगळे बंद होते, तिथे शेजारच्या घराचे नाव लिहा. जिथे दारूची सोबत असते ती जागा यादीत नको.

## टप्पा ५: ज्यांच्याकडे मदत मागायची ती माणसे

आता उघडपणे ‘मला मदत हवी आहे’ असे सांगायचे आहे, म्हणून चौथ्या टप्प्यातली माणसे इथे जशीच्या तशी उचलून लिहू नयेत. कट्ट्यावरचा मजेदार मित्र या प्रसंगी गांगरून जाऊ शकतो. उपदेश न करणारी, बातमी गावभर न करणारी आणि फोन उचलणारी अशी दोन-तीन माणसे पुरतात.

नाव लिहिण्याआधी त्यांना विचारा. ही पायरी निम्म्याहून अधिक लोक गाळतात. संकोच वाटतो हे खरे, तेव्हा साधे शब्द वापरा: ‘दादा, मला कधीकधी जगणे नकोसे वाटते. आत्ता तसे नाही. पण तसे झाले तर मी तुला फोन करीन, चालेल का? तू उपाय सांगायची गरज नाही, फक्त बोलत राहा नाहीतर ये.’ समोरचा ‘असले विचार करायचेच नाहीत’ असे म्हणाला, तर भांडू नका. त्याचे नाव चौथ्या टप्प्यात ठेवा आणि दुसरे माणूस शोधा.

मग प्रत्येकाच्या वेळा विचारा. एका मुलीच्या आराखड्यात पहिले नाव आईचे होते. आई रात्री दहाला फोन सायलेंट करून देवघरातल्या कपाटावर ठेवते, हे तिला तालमीच्या वेळी (टप्पा ९) कळले. एकाच्या आराखड्यात डॉक्टरांचा जो क्रमांक होता तो दवाखान्याच्या जुन्या जागेचा निघाला. म्हणून फोनमधला क्रमांक आहे तसा न उचलता, एकदा लावून मगच लिहावा.

बोलणे सुचत नाही अशा वेळेसाठी एक निरोप आधीच लिहून ठेवा: ‘माझी अवस्था ठीक नाही. फोन कर. मी उचलला नाही तर घरी ये.’ तो नोंदवहीत तयार असला की फक्त पाठवायचा उरतो. मित्राशी ठरवून एखादा खुणेचा शब्दही ठेवता येतो, पण त्याचा अर्थ दोघांनाही एकच माहीत हवा.

तपासणी: यादीतल्या किमान एका माणसाला तुमच्या घराचा पत्ता, मजला आणि दाराची किल्ली कोणाकडे असते हे ठाऊक आहे का?

## टप्पा ६: व्यावसायिक मदत

सर्वांत वर १४४१६ लिहा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती चोवीस तास आणि मोफत असून मराठीतही बोलता येते. दुसरा क्रमांक १८००-८९१-४४१६. फोन लावल्यावर आधी ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडायला सांगतो आणि मग समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. भाषा निवडण्याची ती पायरी माहीत नसल्याने काही जण ‘मशीन लागले’ म्हणून फोन ठेवून देतात, म्हणून आराखड्यातच ‘आधी भाषा निवडायची, मग माणूस येतो’ असे लिहून ठेवा. लाइन व्यग्र लागली तर काय, हेही लिहा: दुसरा क्रमांक, मग पाचव्या टप्प्यातला माणूस.

त्याखाली तुमचे डॉक्टर किंवा समुपदेशक, त्यांच्या वेळा आणि चोवीस तास उघड्या असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव व तिथे जायचा रस्ता लिहा. रात्री रिक्षा मिळत नसेल तर कोणाची गाडी, तेही लिहा. शेवटी ११२.

परदेशात राहणाऱ्यांनी तिथले क्रमांक घालावेत, कारण १४४१६ भारतातल्या फोनसाठी आहे. अमेरिकेत ९८८, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४.

फोन केला तर पोलीस केस होईल, ही भीती अजून फार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, उलट सिद्ध झाले नाही तर, गृहीत धरायचे असते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी असते. भारतीय दंड संहितेतले जुने ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. मदतीसाठी फोन करणे हा तर कधीच गुन्हा नव्हता.

## टप्पा ७: घर आणि परिसर सुरक्षित करणे

अ‍ॅपमध्ये हा भाग शेवटी येतो आणि बहुतेक वेळा कोराच राहतो, कारण तो फोनमध्ये बोटे चालवून पूर्ण होत नाही. त्यासाठी उठून काही हलवावे लागते. विचार आणि कृती यांच्यात अंतर आणि वेळ वाढवणे हा त्यामागचा हेतू. ज्या वस्तूंनी जिवाला धोका होऊ शकतो त्या सहज हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था दुसऱ्या माणसाने करायची. डॉक्टरांनी दिलेली औषधे घरच्यांनी सांभाळायची आणि लागतील तेवढीच द्यायची. शेतीची रसायने घरात न ठेवता कुलपाच्या खोलीत ठेवायची आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. तुम्ही स्वतः कुलूप लावून किल्ली स्वतःच ठेवली, तर ते काम झाले असे धरू नये.

सावधान: कोणत्या वस्तूची भीती वाटते याचे तपशील अ‍ॅपमध्ये लिहू नका. तिथे फक्त ‘किल्ली वहिनीकडे’, ‘औषधे आईकडे’ एवढीच व्यवस्था लिहा. बाकीचे समोरासमोर सांगा. या विषयावर इंटरनेटवर शोधाशोधही करू नये.

## टप्पा ८: फोनवर नीट बसवणे

आराखडा कितीही चांगला असला, तरी चौथ्या फोल्डरच्या तिसऱ्या पानावर असेल तर सापडत नाही. त्याचे चिन्ह पहिल्या पडद्यावर, अंगठा पोचेल अशा जागी आणा. आराखड्याचे एक छायाचित्र काढून अल्बममध्ये ठेवा आणि एक कागदी प्रत पाकिटात ठेवा; फोन फुटतो, चोरीला जातो, चार्ज संपतो.

पाचव्या टप्प्यातली माणसे आणि १४४१६ हे ‘फेव्हरिट’मध्ये घाला. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेले असतानाही त्या माणसांचे फोन वाजतील अशी सोय चालू करा आणि त्यांच्या फोनवर तुमच्यासाठी तशीच सोय त्यांना करायला सांगा. लॉक पडद्यावर दिसणाऱ्या आणीबाणीच्या माहितीत एका जवळच्याचे नाव घाला.

फोन सामायिक असेल तर आराखड्याला साधे नाव द्या, ‘वाणसामानाची यादी’ असेही चालेल, आणि अ‍ॅपला वेगळे कुलूप लावा. पण कुलपाचा पासवर्ड विसराल असा ठेवू नका. वाईट रात्री बोटाचा ठसा सर्वांत सोपा पडतो.

समाजमाध्यमांकडेही याच बैठकीत पाहून घ्या. दुःखी मजकूर सतत पाहिला की तसाच मजकूर आणखी पुढे येतो. अशा पोस्टवर ‘रस नाही’ हा पर्याय निवडा, त्या टाकणारी खाती दिसणे बंद करा आणि रात्री ठरावीक वेळेनंतर ती अ‍ॅप्स उघडणार नाहीत अशी वेळमर्यादा लावा.

## टप्पा ९: रंगीत तालीम

हा टप्पा कोणत्याही अ‍ॅपमध्ये सांगितलेला मला आढळला नाही आणि माझ्या मते तो गाळू नयेच. दुसऱ्या दिवशी, मन ठीक असताना, फोन बाजूच्या खोलीत ठेवा आणि दिवे मालवून सुरुवात करा. फोन शोधा, आराखडा उघडा, पहिली खूण वाचा, तिसऱ्या टप्प्यातली एक गोष्ट प्रत्यक्ष करा, ठरवलेल्या माणसाला तालमीचा फोन लावा. कुठे अडकलात ते लिहून ठेवा. चष्म्याशिवाय अक्षरे वाचता येत नाहीत, हे अनेकांना इथेच कळते. मग अक्षर मोठे करा.

१४४१६ ही एकदा लावून बघायला हरकत नाही. तिथे संकटात असल्यावरच बोलायचे असा नियम नाही. ताण आहे, झोप लागत नाही, एवढे कारणही पुरते. एकदा त्या आवाजाशी बोलणे झाले की पुढच्या वेळी हात अडखळत नाही.

## टप्पा १०: प्रत्यक्ष वापर आणि नंतरची दुरुस्ती

खूण दिसली की वरून खाली जायचे. एकट्याने करायच्या गोष्टींनी उतार पडला नाही तर जागा आणि माणसे, मग मदत मागायची माणसे, मग व्यावसायिक मदत. पण हा क्रम परीक्षेचा पेपर नाही. विचार तीव्र असतील किंवा स्वतःची खात्री वाटत नसेल, तर मधले सगळे टप्पे सोडून थेट व्यावसायिक मदतीकडे (टप्पा ६) जायचे, आणि हे वाक्य आराखड्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवायचे. ‘आधी तिन्ही उपाय करून झाले नाहीत, मग फोन कसा करू’ असे म्हणत थांबलेले लोक मला भेटले आहेत.

वापर झाल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा बसा. काय चालले, काय चालले नाही, कोणी फोन उचलला नाही, ते पाहून ओळी बदला. डॉक्टर किंवा समुपदेशक असतील तर पुढच्या भेटीत फोन उघडून तो त्यांना दाखवा. एरवी महिन्यातून एकदा आणि क्रमांक, घर, औषध किंवा नोकरी बदलली की लगेच तो तपासा. त्यासाठी फोनच्या दिनदर्शिकेत आठवण लावा.

## आराखड्यात ज्यांचे नाव आहे त्यांच्यासाठी

तुम्हाला कोणी आराखडा दाखवला तर त्याची एक प्रत मागून घ्या, पण त्याच्या फोनवर गुपचूप पाळत ठेवणारे अ‍ॅप घालू नका. एकदा कळले की तो तुम्हाला पुन्हा काही सांगणार नाही. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, तेव्हा काळजी वाटली तर ‘जीव द्यावा असे वाटते आहे का?’ असे सरळ विचारा. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, १४४१६ दोघे मिळून लावा, आणि धोका तातडीचा वाटला तर ११२ लावून रुग्णालयात सोबत जा. ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली असेल तरीही. आणि ‘फोन कर, नाहीतर घरी ये’ हा त्याचा आधी लिहून ठेवलेला निरोप रात्री तीनला आला, तर सकाळी बघू म्हणून फोन उलटा ठेवू नका. त्याच क्षणी फोन लावा, उचलला नाही तर ठरल्याप्रमाणे घरी पोचा, आणि घर दूर असेल तर किल्ली ज्यांच्याकडे असते त्या शेजाऱ्यांना उठवा.